कल्ल्याचा लाल

बर्फाच्या फॅक्टरीच्या पावतीमागे
यादी लिहायला घेतली तेव्हा दोनच ओळी होत्या:
रॅम बत्तीस.
बाकी बघू.

जुन्याचं काय झालं ते हर्णैत कुणाला सांगायला नको.
इथं लोखंड पाहुण्यासारखं राहतं,
आणि माझ्या मागच्या दारापासून समुद्र साठ पावलांवर.
कॅबिनेट उघडलं तर स्क्रू बिस्किटासारखे चुरले,
पंख्याच्या पात्यांवर मिठाची साय,
एसएमपीएसच्या उबेला पालीची दोन अंडी.
तरी चालत होता बिचारा.
खांबेकरांच्या साखरपुड्याचे नऊशे फोटो
रात्री एक्स्पोर्टला लावून झोपायचं,
सकाळी बघावं तर चारशे बारावर अडकलेला,
नवरीचा हात अर्धा,
अंगठी राखाडी.

दापोलीत अझीम परकार
प्रोसेसर चिमटीत धरून दाखवतो,
सोनारानं नथ दाखवावी तसा.
"आठ कोअर पुरेत. तू फोटो धुतोस,
सिनेमा नाही काढत."
पण ग्राफिक कार्डाचा खोका हळूच पुढे सरकवतो.
तीन पंखे, आत निळे दिवे.
"ह्यानं नॉइज झटक्यात जातो."
किंमत ऐकून मी खोक्यावरचा हात काढून घेतो.
पहाटेच्या लिलावाचे माझे फोटो दाणेदार येतात,
ते दाणे मला आवडतात, हे त्याला कसं सांगू.
(रात्रीच्या वरातींचे आवडत नाहीत. तेही खरंच.)

यादी एव्हाना पावतीच्या पुढच्या बाजूला आली,
छापील आकड्यांत शिरली:
तीन लाद्या, एक टीबी,
पाच लाद्या, साडेसहाशे वॅट,
उधारी, दोन पंखे, जाळीचं कॅबिनेट.
तीनदा बेरीज केली, तीन उत्तरं आली.
एक तर कार्ड, नाहीतर चांगला मॉनिटर.
दोन्ही म्हटलं तर कॅमेरा विकायला हवा.

बँकेत नावातली चूक सुधारायला
माझ्याच एसटीनं आलेली हौसाबाय पावसे
पंख्याखाली बसायला म्हणून दुकानात शिरली.
समोर दोन स्क्रीन, दोन्हींवर माझाच फोटो:
बांगडा, कल्ला वर उचललेला.
तिनं मान इकडे केली, तिकडे केली.
"ह्यो कालचा."
बोट उजवीकडे.
"त्यो आज सकालचा."
"मावशी, फोटो एकच आहे," अझीम हसला.
"फोटो येक असल," ती म्हणाली,
"मासा येक नाय."

अझीमनं खोका उचलून मागे ठेवला
आणि तीन चहा सांगितले.

रात्री खिडक्या लावून, खालती पेपर पसरून बसलो.
पानाला चुना लावावा तेवढीच थर्मल पेस्ट.
चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या
सिलिका जेलच्या पुड्या कोपऱ्यात चिकटवल्या.
हसा. पण जूनमध्ये भेटू.
रॅम खटकन बसली. पंखे फिरले.
त्यांचा आवाज इतका कमी
की बंद आहे समजून मी बटण परत दाबलं, आणि बंद झालं.

मग पहिली उघडली ती खांबेकरांची नवरी.
ओठ जांभळे.
कपाळाला आजारपण.
चार वर्षांपूर्वीचं लग्न, सात वर्षांपूर्वीचं बारसं,
सगळ्यांच्या अंगावर तोच निळा.
मुलीची आई तेव्हा म्हणाली होती,
"आमची पोर अशी दिसत नाय हो,"
आणि मी म्हटलं होतं, उजेड तसा होता.

नंबर एकपासून दुरुस्त करायला घेतले.
लाल किती, ते आता कुणाला विचारावं लागत नव्हतं,
किंवा लागत होतं, पण ती झोपली असणार,
तिला चारला उठून धक्क्यावर जायचं असतं.
सदतिसाव्याला वीज गेली.
यादीतली शेवटची ओळ: यूपीएस, नारळी पुनवेनंतर.
पंखे सवयीनं थोडे फिरत राहिले,
मग थांबले,
आणि साठ पावलांवरचं ऐकू यायला लागलं.