फुकटवरचा तारा

फेब्रुवारीतलं इरी. तळ्यावरून आलेला बर्फ
जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढलाय.
पहाटे पाचला शाळेची बस काढायची आहे
आणि आत्ता रात्रीचे सव्वाअकरा.
स्क्रीनवर ठळक लिहिलंय: फुकट.
शब्दाच्या खांद्यावर एक बारकासा तारा,
चष्म्याशिवाय न दिसणारा.

नमनालाच घडाभर तेल.
नाव, पत्ता, शेत आहे का,
परदेशात काही पैसा आहे का.
आहे की. ओट्यावरच्या बरणीत
कॅनडाची सुट्टी नाणी, चार-पाच.
मग एक चक्र फिरायला लागतं.
तुमची पै न् पै शोधतोय, म्हणतं.
कुठे शोधतोस बाबा?
माझा पगार शाळेने जानेवारीतच
वॉशिंग्टनला कळवलाय.
ज्यांना आकडा ठाऊक, त्यांनीच मला विचारायचा,
चुकले तर दंडही त्यांनीच करायचा,
आणि मधल्या मध्ये या चक्राने
एकोणनव्वद डॉलर घ्यायचे.

एकोणनव्वद कशाचे? तर कुत्र्यांचे.
ओकाफोरबाई लेकीकडे ह्यूस्टनला गेल्या
तेव्हा त्यांची दोन बीगल सांभाळली,
तीनशे बारा डॉलर मिळाले.
तारा नेमका तिथे उगवला.
तीनशे बारा म्हणजे धंदा,
धंदा म्हणजे डीलक्स.
नको म्हणायचं बटण आहे,
करड्या भिंतीवर करड्या अक्षरात.

या वर्षी आयुष्यात काही मोठं घडलं का?
लग्न. घर. बाळ.
चौथ्या चौकोनासाठी खाली सरकावं लागतं.
सरकले. टिचकी मारली.
आम्हाला फार वाईट वाटतं, ते म्हणालं,
डोळ्याचं पातं लवायच्या आत,
आणि त्याच दमात:
तज्ज्ञाशी बोला, फक्त साठ डॉलर जास्त.

गेल्या वर्षी सरकारचंच एक पान होतं.
पांढरं, बिनसजावटीचं,
सुट्टीच्या दिवशीच्या वर्गासारखं.
लेस्टर डोळे बारीक करून कागद वाचायचा,
मी टाइप करायचे.
कॉफी निवायच्या आत संपलं.
लेस्टर खुर्चीत मागे रेलला. म्हणाला, एवढंच?
बावीस वर्षं कंपनीला पैसे मोजलेला माणूस,
खूश व्हायचं सोडून
जरा फसवल्यासारखा दिसला.

तोच पत्ता आज पुन्हा उघडला.
ही सेवा आता उपलब्ध नाही.
त्याच्या मोबाइलवर फोन लावला
तरी बाई साधारण हेच म्हणते.
हो, लावते मी अजून. कधी कधी.

सरकारी हेल्पलाइनवर
सत्तर मिनिटं तीच बासरी ऐकली.
शेवटी कुणीतरी आलं, खोकलं, आणि लाइन तुटली.

शनिवारी वाचनालयात टेबल मांडून बसला होता
टीकाराम दाहाल, वय असेल तेवीस,
नवव्या वर्षी छावणीतून या गावात आलेला.
म्हणाला, आमच्या घराचे सगळे कागद
तेव्हापासून मीच भरतो.
सांगताना थकला नव्हता, तक्रार नव्हती,
जणू घरातली भांडी मी घासतो, असं.
माझी फाइल पाहून त्याने लॅपटॉप मिटला.
मावशी, याला कागदच बरा.

वरच्या कडेला लिहायचं: मृत.
पुढे नाव, आणि तारीख.
एकोणीस ऑक्टोबर.
खाली दोन सह्यांच्या दोन रेषा.
माझ्या रेषेवर माझी.
त्याच्या रेषेवर, टीकारामने बोट ठेवून दाखवलं,
तिथे लिहा: हयात जोडीदार म्हणून भरत आहे.
पेन दोनदा अडलं.
चक्र फिरलं नाही. कुणी काही विकलं नाही.
तो खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहत राहिला,
मला लागेल तेवढा वेळ.

पोस्टातल्या बाईने पाकीट तोललं.
जड आहे, म्हणाली.
किती होतील ते आधी सांगितलं,
मग घेतले.