कन्हानची रेती

गिलाव्याची रेती चाळताना
सुखवंतीच्या चाळणीवर अडकला तुकडा,
अंगठ्याएवढा, कोऱ्या चहाच्या रंगाचा,
कडा नदीनं घासून गुळगुळीत.
"गोटा नोहे हा, बाई," ती म्हणाली
आणि पुढचं घमेलं ओतलं.

उरकुडेकाका सेमिनरी हिल्सच्या ऑफिसातून रिटायर.
चष्मा कपाळावर नेला त्यांनी,
आणि सरळ जीभ लावली तुकड्याला.
मी ओरडलेच.
"दगड सुटतो," ते म्हणाले, "जुनं हाड धरून ठेवतं."
मग भिंग दिलं हातात:
तुटल्या बाजूला बारीक जाळी,
जमलेल्या अनारशासारखी.
"म्हैस असेल.
किंवा म्हशीच्या आधीची म्हैस.
एवढ्याशावरून नाव नाही सांगत मी कुणाचं."
डायनासोर नाही, हे सांगताना
त्यांनाच माझं वाईट वाटलं,
चिवडा पुढे केला.

रात्री दार लावून
मीही लावली जीभ.
धरलं त्यानं.
चवीला काहीच नाही, मातीसुद्धा नाही,
नुसती तहान.
सोडवताना जरा दुखलं.

त्याच ट्रकची अर्धी रेती
मागच्या आठवड्यात न चाळताच
स्लॅबमध्ये गेली.
आडवी पडून मी वर बघते.