पिवळं कार्ड

कुपी एकदा फोडली की ठेवता येत नाही,
आणि एका कुपीत पाच माणसांची लस.
आम्ही चौघं.
स्टेशनजवळचा सरकारी दवाखाना, बुधवार,
बाकड्याचा एक पाय विटेवर.

सिस्टरनं रजिस्टर उघडलं. नाव?
रोहिदास अवघडे.
त्यात अवघड काय, म्हणाली, आणि स्वतःच हसली.
वय चौतीस. राहणार भोसरी. काम पंप फिटर.
कुठं निघालात? घानाला, कुमासी.
कंपनीचे बावीस पंप पोचलेत तिथं,
बोटीनं, माझ्याआधी, लस न घेता.

अंड्याची अ‍ॅलर्जी?
शेजारच्या ओसवालबाई, मार्केट यार्डातल्या,
नवऱ्याकडे नैरोबीला चाललेल्या, गोंधळल्या.
अहो, अंडं आमच्या घराचा जिना चढलेलं नाही,
आहे की नाही मी कसं सांगू?
फॉर्मवर हो आणि नाही, दोनच चौकोन.
डॉक्टर म्हणाले, बेकरीतला केक खाता?
...वाढदिवसाला.
मग चढलंय अंडं जिना.

तांबोळीचाचा अंगोलात बोअर मारायला निघालेले,
साठीला सतरा दिवस कमी.
त्यांची जन्मतारीख डॉक्टरांनी दोनदा वाचली.
फिलोमिनाबाई टांझानियात शिवण शिकवणार,
त्या काहीच बोलत नव्हत्या,
पर्सच्या बंदाला गाठ मारत होत्या, सोडत होत्या.

अकरा. साडेअकरा. पाचवा येईना.
पी हळद अन् हो गोरी, असं हे नाही,
टोचल्यावर दहा दिवस अंगात मुरावं लागतं
तेव्हा कुठं कार्ड खरं होतं.
माझं विमान बाराव्या दिवशी.
आज हुकलं तर पुढचा बुधवार,
म्हणजे पंप तिथं, मी इथं,
आणि माझ्या सीटवर साहेबांचा भाचा.

भिंतीवर डासाचं चित्र, पायांवर पांढरे पट्टे.
ओळखीचा वाटला.
आमच्या कुंडीखालच्या ताटलीत हाच असतो,
दिवाळीत बहिणीला डेंग्यू ह्यानंच दिला.
डॉक्टर म्हणाले, डास इकडंही आहे,
हा ताप मात्र तिकडचा.
दोघांची इथं गाठ पडू नये, म्हणून तुम्हाला टोचायचं.
मला वाटलं होतं, सगळं माझ्यासाठीच चाललंय.

पावणेबाराला दारात एक उंच पोरगा.
ओकेलो. कोंढव्यात राहतो, बी. फार्म करतो.
खोली बदलताना जुनं कार्ड हरवलं,
आता सुट्टीला घरी निघालाय, कंपालाला.
थोडं सरका दादा, म्हणाला,
आमच्या भोसरीत बोलतात तसंच.
आम्ही चौघंही सरकलो.
ज्या मुलखाच्या नावानं आमचे तळवे ओले
तिथं ह्याच्या आईनं
एक फणस ह्याच्यासाठी राखून ठेवला होता.
पिकलेला का कच्चा, चाचांनी विचारलं.

टक्.
एवढाच आवाज कुपीचा.
पाच दंड, पाच कापसाचे बोळे,
मग अर्धा तास बसून राहायचं एकमेकांकडं बघत
कुणाला काही होतंय का.
कुणाला काही झालं नाही.

घरी एक पिवळं कार्ड आधीच आहे, रेशनचं.
लहानपणी रांगेत मी ते शर्टाच्या आत धरायचो,
वर्गातली केशरीवाली पोरं बघतील म्हणून.
पावसापाण्याचं नाही, घामानंच त्याचा कोपरा गेला.
आज हे दुसरं, तेही पिवळं,
शिवाजीनगरपासून बसमध्ये
मी हातात धरून आलो, वारा लागेल असं.

आईनं उलटंसुलटं केलं,
शिक्का बोटानं चाचपला.
ह्याच्यावर काय मिळतं?
काही नाही. जायला मिळतं.
अन् यायला?
यायलाही हेच दाखवायचं.

तिनं ते रेशनकार्डाच्या पिशवीत सरकवलं,
रबर दोनदा गुंडाळलं,
मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाली,
कोमट लागतंय रे.
थोडा ताप येतो, म्हणाले होते.