पंधराचाच

पावणेसात. तळवली नाक्याच्या अलीकडे
गाडी बोलता बोलता गप्प झाली.
खोकली नाही, आचके दिले नाहीत,
मी फक्त उजवीकडे वळले
आणि हॉर्न, इंडिकेटर, इंजिन, सगळंच एकदम,
कुणी वाक्य अर्ध्यात सोडून उठून जावं तसं.

मागे निळी पेटी. पेटीत बर्फाच्या पिशव्यांमधे
घणसोलीच्या एकवीस माणसांचं
उपाशीपोटीचं रक्त.
साडेसातच्या आत महापे.
पारसिकच्या डोंगराआडून ऊन निघालेलंच होतं.

साइड कव्हरचा स्क्रू नाण्यानेही फिरतो.
बॅटरीशेजारी काळी डबी, डबीत काचेची नळी
करंगळीच्या पेराएवढी.
तार तुटलेली, काचेला आतून काजळी.
बाजूच्या खोबणीत दुसरी नळी, कोरी.
एकच.

मढवीकाका सायकलवरून उतरले.
"कं झाला गो बाय?"
गेल्या महिन्यात यांचीच शीर सापडत नव्हती,
तीनदा टोचलं, रागावले नव्हते.
त्यांनी नळी उन्हाकडे धरली, मग
खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं.
"ही चांदी गुंडाल वर. माजी गारी दोन वरसां चालली चांदीवर."
मग?
"मंग जलली."
हसले, आणि चांदी घडी करून परत खिशात.

एकच आहे, म्हणजे आधी कारण शोधायचं.
(घरी माझा फ्यूज उडतो
तेव्हा हे कुणी करत नाही.
चांदी गुंडाळतात.)

उजवीकडे वळले होते मी.
म्हणजे हँडलच्या मानेत काहीतरी.
चावी बंद केली. तिथे डोळा पोचत नाही, बोट घातलं.
शीरही अशीच शोधतात, बघून नव्हे,
जिथे किंचित उसळी लागते तिथे थांबून.
एक वायर. दुसरी.
तिसरीची साल एका जागी घासून गेलेली.
उघडं तांबं बोटात घुसलं.
मोजून एक थेंब. माझा.
तोही उपाशीपोटीचाच.

हातमोज्याचं एक बोट कापलं, उभं चिरलं,
वायरीवर घट्ट वेढे दिले,
वरून कागदी पट्टी, सुई काढल्यावर लावतो ती.
"दाबून धरा," मी सवयीने म्हणाले
आणि काकांचा हात आपोआप कोपरात दुमडला.

कोरी नळी बसवली. चावी.
हिरवा दिवा.
हँडल उजवीकडे. डावीकडे. पुन्हा उजवीकडे, शेवटपर्यंत.
हिरवाच.

सात सव्वीसला महापे.
खिडकीतल्या मुलाने पेटीचं तापमान लिहून घेतलं,
माझ्या काळ्या नखांकडे पाहिलं,
काही विचारलं नाही.

परतताना घणसोलीत पार्ट्सचं दुकान नुकतंच उघडलेलं.
उदबत्ती लावता लावता तो म्हणाला,
"वीसचा घेऊन जा मॅडम, लवकर उडणार नाही."

मी म्हटलं, उडायला पाहिजे.
पंधराचाच दे.

दोन घेतले. एक डबीतल्या खोबणीत.
दुसरा पर्सच्या चोरकप्प्यात,
सेफ्टी पिनांशेजारी.