तळघरातली ओल

साखर पेठेत आमच्या घराखाली
चादरींच्या गठ्ठ्यांमधे एक पांढरं यंत्र
रात्रभर घुरघुरतं, हवेतली ओल चाटतं.
सकाळी डब्यात साडेचार लिटर.

मागच्या श्रावणात टॉवेलांवर
काळे ठिपके उठले बुरशीचे,
व्यापाऱ्यानं अख्खी गाठ परत धाडली.
मग हे आणलं, हप्त्यावर.

मामंजी पायरीवर बसून काटा वाचतात,
अठ्ठ्याहत्तर, सत्तर, त्रेसष्ट,
आणि हसतात एकटेच.

इथंच होता मागाचा खड्डा, म्हणतात.
वैशाखात सूत तटातट तुटायचं.
ओली गोणपाटं टांगायचो चहूकडं,
राजमणी रात्री दोनदा उठून
जमिनीवर कळशी ओतायची.
(सासूबाईंचं नाव ते आता घेतात,
त्या गेल्यापासून.)
थोडी ओल दे रे मार्कंडेया, एवढंच मागायचो.

मी डबा उचलते, मोरीकडं निघते.
थांब, म्हणतात.
दोन बोटं बुडवतात त्या पाण्यात
आणि गठ्ठ्यातून निसटलेल्या एका धाग्याला
सावकाश पीळ देत बसतात.

काटा पंचावन्नवर येतो.
यंत्र आपोआप गप्प.