बूट परत करायचे आहेत

आधी तळव्यांना टेप लावायची.
कागदी, फिकट; कडा नखाने दाबून.
बुटाला कळता कामा नये आपण चाललो म्हणून.
संध्याकाळी सोलायची, हलक्या हाताने,
आणि वेरामधल्या दुकानात
पावतीसकट परत.

नानुलीने शिकवलेली ही पहिली गोष्ट.
दुसरी : झग्याची पाठ कॅमेऱ्याला दाखवायची नाही.
समोरून मारेख सम्राज्ञी,
मागे कण्याच्या रेघेवर अकरा चिमटे,
तेही कपडे वाळत घालायचे.
तिसरी तिने शिकवली नाही, आपोआप कळली :
पैसे नव्वद दिवसांनी येतात,
घरमालक तिसाव्या दिवशी.

तीन वर्षं मी इस्त्रीची वाफ होते.
तिबिलिसीच्या ऑगस्टात लोकरीच्या कोटांना वाफ,
द्राक्षांवर ग्लिसरीनचं दव,
आणि वितळू नये म्हणून बटाट्याचं आइस्क्रीम,
जे शूटिंग संपल्यावर आम्ही मीठ घालून खाल्लं.

आईला समजावणं सगळ्यात अवघड.
रुस्तावीत, पोलादाच्या कारखान्यात
सव्वीस वर्षं क्रेन चालवलीय तिने.
"म्हणजे नक्की करतेस काय?"
"वस्तू उचलते. दुसरीकडे ठेवते."
"मग मी काय करत होते?"
आणि कांदा चिरता चिरता, जरा वेळाने :
"किती टनांचा असतो गं तुझा चमचा?"

रविवारी सुक्या पुलावर.
चादरींवर मांडलेली घरंच्या घरं :
पदकं, दातांच्या डॉक्टरची हत्यारं,
जोडी हरवलेले काटे,
लग्नाच्या फोटोतली, कुणाची कोण, आता कुणालाच माहीत नाही अशी वरात.
ओतिया तिथे भिंगं विकतो.
शेजारी सहापैकी उरलेले पाच कप,
निळे, सोनेरी काठाचे;
एकाला कानापासून बुडापर्यंत तडा.
"विकायचे नाहीत."
"मग मांडलेत कशाला?"
"घरी त्यांना कोण विचारतं?"

मी भाड्याने मागितले. तो खोकेपर्यंत हसला.
दिवसाचे वीस लारी ठरले. एक अट :
धुऊन आणायचे नाहीत. तो धुणार.

ते पान माझं होतं, पहिलं.
सोलोलाकीतली रिकामी खोली,
खिडकीतून आत येणारी वीस मिनिटं.
तडा गेलेला कप मी पुढे ठेवला.
बेसो म्हणाला, फिरव.
नाही फिरवला.
अर्धा इंच डावीकडे सरकवला फक्त.
त्या अर्ध्या इंचाला सात वर्षं लागली, असं सांगायला आवडेल,
पण खरं तर टेबल डुगडुगत होतं.

मासिक आलं तसं पुलावर नेलं.
ओतियाने भिंग उचललं, विकायचंच, पंधरा लारीवालं,
आणि पानाच्या कडेला उभं टांगलेलं, मुंगीएवढं
माझं नाव मान तिरकी करून वाचलं :
थाम-था. पुन्हा एकदा, जरा मोठ्याने.
शेजारच्या पदकवाल्यालाही ऐकू जावं इतपत.
मग भिंग कपावर गेलं. तिथेच राहिलं.
"तडा कुठाय?"

कुणीतरी पडद्यावर पुसला होता.
मला न विचारता. सांगितलं तसं.
त्याने खोक्यातून खरा कप काढला,
अंगठ्याने चाचपला, आहे तिथे आहे का.
"अठ्ठ्याहत्तर साली आदळला होता तिने.
माझ्यावर चिडून.
चूक माझी होती," म्हणाला,
आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

आता प्रत्येक कराराच्या शेवटी मी एक ओळ घालते :
वस्तूंवरचे तडे पुसू नयेत.
त्यापायी दोन कामं गेली.
एक आलं.
उद्या सकाळी सहाला आहे.

दाराशी बूट, लाल, एकोणचाळीस नंबर.
टेप लावून झालीय.
मघाशी पाय घालून पाहिले मी.
आरशापर्यंत गेले, परत आले.
टेपवर थोडी धूळ बसलीय.
तेवढी चालते.