वीस रुपयांची जाग

उद्यमबागेत तिसऱ्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी
भावकाण्णा येतो. "अक्का, एक लाल."
पूर्वी चहा घ्यायचा, आलं जास्त घालून,
बशीत ओतून फुंकत बसायचा.
आता उभ्याउभ्याच. झाकण मोडल्याचा आवाज,
चार घोट, की गेला.

एकदा गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा बाटली फिरवून वाचली.
बारावीला केमिस्ट्री होती माझी, लग्नाआधी.
पाणी. साखर, घरी मोजली तर सहा चमचे;
चहात एवढी घातली तर लोक शिव्या देतील.
कॅफीन. ते तर माझ्या किटलीतही होतं की.
टॉरिन. रंगाचा कसला तरी नंबर.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
लहान मुलांना नको, गरोदर बाईला नको.
मोल्डिंगवाल्याला नको, असं कुठं लिहिलेलं नाही.
आणि सगळं इंग्रजीत.
पाटीवरच्या अक्षरांवरून जिथं दगड उडतात,
तिथं ह्या बाटलीवर कन्नड नाही, मराठी नाही,
कुणाची तक्रारही नाही.

"बैलाचं काय असतंय म्हणे ह्यात?"
नुसतं नाव, म्हटलं. बैलाच्या पित्तात पहिल्यांदा सापडलं म्हणून.
आता कारखान्यात करतात.
भावकाण्णा हसला. "आमची जोडी गेल्या बेंदरानंतर विकली.
आता नाव पितोय."

गोकाककडचा बसलिंग, नवा पोरगा, दोन पितो.
"निद्दी बरतैती, अक्का."
झोप येतीया, एवढं मला कुठल्याही भाषेत कळतं.
भट्टीपुढं डोळा लागला तर काय होतं
ते सगळ्यांना ठाऊक आहे.
त्या माणसाचं नाव इथं कुणी घेत नाही.

ताकद नसते हो ह्यात.
उधारीची वही सांभाळते, म्हणून सांगते.
अंग म्हणतं दमलो, ही त्याच्या तोंडावर हात ठेवते.
दमणं कुठं जात नाही,
आत बसून व्याज लावतं.
तरी विकते. चहाला दोन रुपये सुटतात, हिला चार.

सकाळी सहाला भावकाण्णा परत. डोळे टक्क,
बोटांतून नाणं दोनदा पडतं.
"चहा टाकू?"
"नको. झोप ठेवतीस काय दुकानात?"
मी फळीवर बघितल्यासारखं करते.
"संपली बघ."

बाहेर टेम्पो उभा राहतो.
आज चार क्रेट.